मनातले कुरूप



पायात बाभळीचा काटा मोडला आणि तो काढला नाही, तर काय होते? वरून कातडी भरून येते. पाय बरा दिसतो. पण आत कुरूप होते. पुढे त्याच जागी बारीकसा खडा लागला, तरी माणूस कळवळतो. पाहणारा म्हणतो, "एवढ्याशा खड्यानं काय झालं?" त्याला आतला काटा दिसत नाही.

मनाचेही तसेच आहे. लहानपणी काही मुलांना रोज मार बसतो. काहींना "तू कशाला जन्माला आलास?" असे ऐकावे लागते. कुणाची आई लवकर जाते. कुणाचा बाप दारू पिऊन येतो आणि पोरे कणगीच्या आड लपतात. ही मुले मोठी होतात, संसार करतात. पण भीती आत राहून जाते.

प्रौढांच्या वर्गात आम्ही हे पाहतो. शेतात दोघांचे काम एकटा ओढणारा गडी फळ्यापुढे आला, की त्याचा हात थरथरतो. "मला न्हाई जमायचं. माझ्या डोक्यात दगड हाईत," असे तो म्हणतो. हे बोल त्याचे स्वतःचे नसतात. लहानपणी कुणीतरी ते त्याच्या मनात घातलेले असतात.

असे का होते? भ्याल्यावर छाती धडधडते. हातपाय गार पडतात. पळायला किंवा झुंजायला शरीर तयार होते. भीती गेली, की शरीर शांत होते. पण लहानपणी रोजच भ्यावे लागले, तर शरीराला तीच सवय लागते. मग मोठेपणी कुणी नुसता आवाज चढवला, तरी छाती धडधडू लागते. कुणी एकदम संतापतो. कुणी गप्प गप्प राहतो. कुणी दारू जवळ करतो. अमेरिकेत १९९५ ते १९९७ या काळात १७,००० हून अधिक लोकांना त्यांच्या बालपणाविषयी विचारले. ज्यांनी लहानपणी जास्त सोसले होते, त्यांच्यात व्यसने, उदासी आणि हृदयाचे आजारही जास्त आढळले.

म्हणजे आता सुटकाच नाही का? तसे मुळीच नाही. बुजलेला बैल पुलावर अडतो. त्याला मारून तो पुढे जात नाही. शांत बैलाच्या जोडीला जुंपून, चुचकारत, सावकाश नेला, तर रोज थोडी भीती कमी होते. माणसालाही अशीच सोबत लागते.

आपल्या कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज पाहा. त्यांचा जन्म १८७४ सालचा. ते तीन वर्षांचे असताना आई राधाबाई वारल्या. १८८४ साली ते दत्तक गेले. १८८६ साली जन्मदाते वडील आबासाहेब घाटगेही गेले. एवढे दुःख लहान वयात आले. पण शिकायला राजकोटला गेले, तेव्हा धाकटे भाऊ बापूसाहेब संगतीला होते. पुढे धारवाडला फ्रेझरसाहेबांसारखे गुरू लाभले. मोठेपणी महाराजांनी काय केले? १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढले. पुढे नाना जातीधर्मांच्या मुलांसाठी बोर्डिंगे उभी राहिली. घरापासून दूर आलेल्या पोरांना निवारा मिळाला.

आता आपण काय करावे?

पहिले, स्वतःला सांगावे : "मी तेव्हा लहान होतो. चूक माझी नव्हती."

दुसरे, भरवशाच्या माणसाजवळ बोलावे. ऐकणाऱ्याने "झालं गेलं विसर" म्हणू नये. मुकाट्याने ऐकून घ्यावे.

तिसरे, तुम्हांला आता लिहिता येते. मनातले कागदावर लिहा. चुका झाल्या तरी चालतील. वाटले तर कागद फाडून टाका. लिहिताना फार त्रास झाला, तर थांबा.

चौथे, छाती धडधडली तर पाय जमिनीवर घट्ट टेकवा आणि सावकाश श्वास सोडा. तेव्हाचा धोका आज नाही, हे शरीराला कळू द्या.

पाचवे, आपल्या पोरावर हात उगारण्याआधी थांबा. "आम्ही मार खाल्ला म्हणून सुधारलो," असे पुष्कळजण म्हणतात. आम्ही विचारतो, तो मार आजही आठवतो ना? मग तो पोराला कशाला द्यायचा? शाळेत मुलांना मारणे आणि मानसिक त्रास देणे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंद केले आहे. घरातही ते बंद व्हावे.

झोप लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर नुसत्या अंगाऱ्यावर राहू नका. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात मनाच्या आजाराचे डॉक्टर आहेत. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस फोन २०२२ साली सुरू झाला. तो फुकट आहे. रात्रीअपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येते. ताप आल्यावर डॉक्टरकडे जायला आपण लाजत नाही. मग यात कसली लाज?

हे एका दिवसात होत नाही. बारा महिने लागतील, जास्तही लागतील. पण वय झाले म्हणून मन बरे होत नाही, असे नाही. चाळिशीत अक्षरे शिकलात, तसेच हेही शिकता येईल.

विचार करा :
१. लहानपणी तुम्हांला धीर कुणी दिला?
२. आज तुमच्या घरात कोणते मूल भिऊन असते? कुणाला?
३. त्या मुलाशी आज रात्री काय बोलाल? दोन ओळी लिहा.