माध्यमांतील साचेबंद प्रतिमांचा शोध : ग्रंथालयीन डेटाबेसचा वापर

उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला
• साचेबंद प्रतिमा ही संकल्पना स्पष्ट करता येईल.
• योग्य शोधशब्द निवडून डेटाबेसमध्ये पद्धतशीर शोध घेता येईल.
• मिळालेल्या बातम्यांची भाषिक तपासणी करता येईल.

१. प्रस्तावना
विद्यार्थी मित्रहो, एखाद्या समूहातील सर्व माणसांना एकाच ठशात बसवणारी कल्पना म्हणजे साचेबंद प्रतिमा. मुद्रणव्यवसायात जुळवलेल्या खिळ्यांवरून ओतलेल्या अखंड पत्र्याला 'स्टिरिओटाइप' म्हणत. वॉल्टर लिपमन यांनी १९२२ साली 'पब्लिक ओपिनियन' या ग्रंथात हा शब्द सामाजिक अर्थाने वापरला आणि तो रूढ झाला.

आपण एक उदाहरण घेऊ. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने व त्याच्या पुढील सुधारणांनी अनेक समूहांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. मात्र बातम्यांच्या भाषेतून तो शिक्का पुसला गेला का? तुमच्यापैकी काहींना हा प्रश्न पुस्तकातून नव्हे, तर घरातूनच माहीत असेल. पारधी समाजाविषयीच्या बातम्यांच्या आधारे तो अभ्यासता येतो.

२. शोधशब्दांची निवड
शोधशब्द तटस्थ नसतो. 'गुन्हेगार जमाती' असा शोध घेतल्यास प्रामुख्याने वसाहतकालीन दृष्टीचा मजकूर हाती येतो. 'विमुक्त जमाती' असा घेतल्यास हक्क, शिक्षण, पुनर्वसन यांविषयीचा. केवळ पहिला शब्द वापरणारा अभ्यासक ज्या प्रतिमेची तपासणी करायला निघाला, तिचीच दृष्टी नकळत स्वीकारतो. म्हणून दोन्ही शब्द वापरावेत. कलंकित शब्दाने त्याला उत्तर देणारे लेखनही सापडते, हे विसरू नये : लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' या आत्मकथनाचे शीर्षक आठवा.

३. शोधसूत्र
शब्द जोडण्यासाठी 'अँड', पर्यायांसाठी 'ऑर' आणि वगळण्यासाठी 'नॉट' ही पदे वापरतात. सलग शब्दसमूह अवतरणचिन्हांत लिहावा.

मराठीत एक विशेष अडचण येते. प्रत्यय लागताना नामाचे सामान्यरूप होते : पारधी, पारध्याला, पारध्यांनी. केवळ 'पारधी' शोधल्यास उरलेली रूपे निसटू शकतात. डेटाबेसमध्ये सोय असल्यास 'पारध' या अंशापुढे तारकाचिन्ह द्यावे. मग 'शिकार' या अर्थाचा 'पारध' शब्दही येईल. तो निवडून बाजूला काढावा. रोमन लिपीतही या नावाचे लेखन एकसारखे नसते. सर्व पर्याय 'ऑर'ने जोडावेत.

४. कोठे शोधावे?
पूर्वीचे संशोधन पाहण्यासाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे 'शोधगंगा' हे प्रबंधभांडार विनामूल्य उपलब्ध आहे. ग्रंथ व लेखांसाठी 'नॅशनल डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' पाहावी. वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांतील देवनागरी मजकूर बहुधा चित्ररूपात असतो. तो शब्दशोधात सापडत नाही. तेथे तारखा ठरवून अंक प्रत्यक्ष चाळावेत.

५. नोंद आणि तपासणी
प्रत्येक बातमीची तारीख, वृत्तपत्र, मथळा, कर्ता, विशेषणे आणि माहितीचा स्रोत नोंदवा. नमुन्यादाखल रचलेली दोन वाक्ये पाहा :
(अ) पारध्यांच्या सराईत टोळीने दुकान फोडले.
(आ) दुकान फोडल्याच्या संशयावरून दोघांना ताब्यात घेण्यात आले.
(अ) मध्ये समूहाचे नाव आरोपाला जोडले आहे आणि संशय हा निर्णय बनला आहे. (आ) मध्ये संख्या आहे, संशय संशयच राहिला आहे.

मात्र केवळ (अ) सारखी वाक्ये जमवून निष्कर्ष काढू नका. त्याच काळातील, तशाच गुन्ह्याच्या पण अन्य समाजांतील आरोपींविषयीच्या बातम्या तुलनेसाठी घ्या. त्यांतही जातीचा उल्लेख असेल, तर तुमचे गृहीतक बदलावे लागेल. तसेच आरोपी पुढे निर्दोष सुटल्याची बातमी आली का, हेही शोधा.

सारांश
डेटाबेस आपण विचारलेल्या शब्दालाच उत्तर देतो. म्हणून साचेबंद प्रतिमेच्या अभ्यासकाने प्रथम स्वतःचा शोधशब्द तपासावा, मग बातमी.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न
१. 'शोधशब्द तटस्थ नसतो' हे विधान सोदाहरण स्पष्ट करा.
२. तुमच्या परिसरातील एका समूहाविषयी शोधसूत्र तयार करा व मिळालेल्या दहा बातम्यांतील कर्ता आणि विशेषणे यांची नोंद करा.