तळ्यात उतरवायला कोणी आहे का?

वाचन : योहान ५:१-९



बेथेस्दा तळ्याकाठचा तो मनुष्य ३८ वर्षे आजारी होता. बरे होण्याची इच्छा आहे का, असे प्रभू येशूने विचारताच त्याने गाऱ्हाणे मांडले ते एकटेपणाचे : तळ्यात उतरवायला त्याला कोणीच नव्हते.

२०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात साठीपुढच्या सुमारे ७.५ कोटी लोकांना एखादा दीर्घकालीन आजार आहे. आपल्या घरांतही मधुमेह, रक्तदाब, दमा आहेच. मुले मुंबई-पुण्याला आणि म्हातारी माणसे महाड-पोलादपूरला. "आजार जाणारच नाही, मग गोळ्या कशाला?" असे आपण ऐकतो.

येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. आजार समूळ जाणे वेगळे, माणूस सावरणे वेगळे. संत पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला, पण त्याचे कार्य थांबले नाही. २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस ८८ व्या वर्षी न्यूमोनियाने ३८ दिवस रुग्णालयात होते. ते परतले, पुनरुत्थान रविवारी त्यांनी भाविकांना आशीर्वाद दिला आणि दुसऱ्या दिवशी, २१ एप्रिलला, देवाघरी गेले. मिळालेले ते चार आठवडे व्यर्थ होते, असे कोण म्हणेल?

रुग्णाभ्यंगाचा संस्कारही याच सावरण्यासाठी आहे. तो केवळ शेवटच्या घटकेचा नव्हे, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट केले. वार्धक्याने थकलेल्यांना, मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी, आजार पुन्हा बळावल्यास तो पुन्हाही घेता येतो. धर्मगुरूला बोलावले म्हणजे सारे संपले, ही भीती सोडू या.

प्रार्थनेबरोबर हेही करू या :

१. रक्तदाब वा साखर ठीक दिसली म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नयेत. ती गोळ्यांमुळेच ठीक असते.

२. २२ जुलै २०२१ चा सावित्रीचा पूर आठवा. औषधे व डॉक्टरांची चिठ्ठी पाणी न शिरणाऱ्या डब्यात, उंचावर ठेवावी.

३. सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळू शकते. कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचारांची सोय आहे. कागद भरायला तरुणांनी मदत करावी.

विचारासाठी : आपल्या शेजारी तपासणीला न्यायला कोणी नाही म्हणून घरीच बसलेले कोण आहे? या आठवड्यात त्यांच्यासोबत कोण जाईल?

प्रभू आपल्या आजाऱ्यांना धीर देवो, आणि आपल्याला त्यांचे हात बनवो. आमेन.