कागद हरवलेली प्रिया

काका गेल्यावर त्यांची प्रिया स्कूटर माझ्याकडे आली, पण आरसी बुक आलं नाही. काकूंनी कपाट, ट्रंक, देव्हाऱ्याखालचा खण, सगळं पालथं घातलं. विम्याच्या दोन जुन्या पावत्या निघाल्या, रेशनकार्डाची झेरॉक्स निघाली, गॅरेजची बिलं निघाली. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सनं बनवलेली, ऐंशीच्या दशकातली ही गाडी रीतसर रस्त्यावर आणताना जे शिकायला मिळालं, ते लिहून ठेवतो.

१. कागद हरवला म्हणजे नोंद हरवली असं नाही. आपल्या हातातलं पुस्तक ही नुसती प्रत. मूळ नोंद आरटीओच्या रजिस्टरात असते. एमएच-११, एमएच-१२ ही पद्धत १ जुलै १९८९ पासूनची. त्याआधीच्या गाड्यांना तीन इंग्रजी अक्षरांचे नंबर असत, आणि त्यांतल्या कितीतरी गाड्या संगणकावर चढलेल्याच नाहीत. ‘परिवहन’ संकेतस्थळावर नंबर टाकला की ‘रेकॉर्ड सापडत नाही’ असं उत्तर येतं आणि माणूस हाय खातो. त्याचा अर्थ नोंदणी रद्द झाली असा नाही. कार्यालयात जाऊन जुन्या रजिस्टरावरून ‘बॅकलॉग एन्ट्री’ करून घ्यायची असते. एचएसआरपी पाटीची सक्ती आल्यावर बऱ्याच जणांना हे पहिल्यांदा कळलं, कारण गाडी परिवहनच्या ‘वाहन’ प्रणालीत नसेल तर पाटी बुकच होत नाही.

रजिस्टर शोधायला लिपिकाला मदत करावी लागते. गाडीचा नंबर, पहिल्या मालकाचं नाव आणि नोंदणीचं साधारण वर्ष कागदावर लिहून न्यावं. वर्ष आम्हाला विम्याच्या पावतीवरून लागलं. ज्या कागदांना आपण रद्दी म्हणतो, त्यांवर गाडीचा नंबर आणि चेसिस नंबर शेजारी शेजारी छापलेले असतात. त्या पावत्या लॅमिनेट करायच्या फंदात न पडता जपून ठेवा.

२. खरा कागद गाडीच्या पत्र्यावर असतो. चेसिस नंबर! आमच्या प्रियाच्या इंजिनाकडचं पॅनेल काढलं, तर पत्र्याच्या कडेला ग्रीस, धूळ आणि त्यावर कुणीतरी हौसेनं मारलेला निळा रंग असा जाड थर होता. मिस्त्री पॉलिश पेपर घेऊन पुढं सरसावला, त्याला तिथंच थांबवलं. कोरलेले आकडे उथळ असतात. एकदा घासून गेले की मोटार वाहन निरीक्षकाला पहिला संशय येतो तो नंबर खोडल्याचा, आणि तसा संशय आला तर पुढची सगळी कहाणी बदलते. आम्ही रॉकेलमध्ये फडकं भिजवून एक दुपारभर तो थर मऊ केला. रंगासाठी थोडं थिनर. मग पातळ कागद चिकटपट्टीनं ताणून बसवला आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं फिरवली. आकडे एकेक करून वर आले. शेवटून दुसरा तीन की आठ, यावर मिस्त्रीचा आणि माझा वाद झाला. विम्याच्या पावतीनं तो मिटवला. असे तीनचार प्रिंट एकदमच काढून घ्यावेत. प्रत्येक अर्जाला एक लागतो.

इंजिन नंबरही असाच पाहावा. जुन्या स्कूटरचं इंजिन कधी बदललं गेलं हे मालकालाही आठवत नाही. नोंदीतला आणि केसिंगवरचा नंबर जुळत नसेल तर ते निरीक्षकानं सांगण्याआधी आपण सांगावं, बिल असेल तर जोडावं.

३. ‘डुप्लिकेट आरसी’ आणि ‘गाडी नावावर करणं’ ही दोन वेगळी कामं. दुय्यम प्रतीसाठी फॉर्म २६. मालक वारला असेल तर वारसाच्या नावे हस्तांतरणासाठी फॉर्म ३१, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची ना-हरकत. नेहमीच्या खरेदी-विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०, ज्यांना सगळे टीटीओ म्हणतात, ते त्यानंतर. म्हणजे पुतण्यानं थेट स्वतःच्या नावानं अर्ज करायचा नाही. आमच्याकडे अर्जदार काकू झाल्या, चुलत बहिणीनं नागपूरहून ना-हरकत पाठवली, आणि काकूंच्या नावावरून ती माझ्याकडे आली. काकूंनी सही करताना विचारलं, “म्हणजे आता चलान माझ्या नावावर येणार का रे?” त्या शंकेत तथ्य होतं, म्हणून पुढचं हस्तांतरण लांबवलं नाही.

आणि मृत माणसाच्या सहीचे जुने टीटीओ फॉर्म कुणी काढून दाखवले तर हात लावू नका. तो सरळ गुन्हा आहे.

४. पोलिसांकडे ‘गहाळ’ची नोंद करावीच लागते. चोरीची तक्रार नाही, कागद हरवल्याची नोंद. गाडीचा नंबर, चेसिस नंबर, इंजिन नंबर तिन्ही त्यात अचूक यायला हवेत. एक आकडा चुकला की खिडकीवरून परत. त्याच बैठकीत गाडी चोरीच्या यादीत नाही ना, हेही पाहून घ्यावं. एनसीआरबीच्या ‘वाहन समन्वय’ सेवेतून तसा दाखला ऑनलाइन निघतो. भंगारातून किंवा ओळखीतून घेतलेल्या गाडीसाठी तर हे पैसे देण्याआधीच करावं.

५. बोजा तपासा. काकांनी स्कूटर नोकरांच्या पतसंस्थेच्या कर्जावर घेतली होती. कर्ज केव्हाच फिटलं, पण रजिस्टरात बोजा तसाच. तो उतरवायला फॉर्म ३५ आणि कर्ज देणाऱ्याचं पत्र लागतं. संस्था तर बंद पडलेली. अशा वेळी सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात विचारावं. संस्था दुसरीत विलीन झाली असेल तर ती, अवसायनात असेल तर अवसायक, पत्र तेच देऊ शकतात. सगळ्यांत जास्त वेळ खाल्ला तो या एका पत्रानं, आरटीओनं नव्हे. आरटीओला शिव्या घालण्याची आपल्याला सवय असते म्हणून हे मुद्दाम सांगतो.

६. आधी हिशेब, मग हौस. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढं पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. दुचाकीच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ मध्ये ३०० वरून १००० झाली; २० वर्षांपेक्षा जुन्या दुचाकीला ऑगस्ट २०२५ पासून २०००. शिवाय पर्यावरण कर, आणि उशिराबद्दल दुचाकीला दरमहा ३०० अशी नियमातली तरतूद. वर्षानुवर्षं पडून असलेल्या गाडीला हा शेवटचा आकडा गाडीच्या किमतीच्या पुढं जाऊ शकतो. म्हणून रंगकाम, क्रोम, नवं सीट यांवर खर्च करण्याआधी खिडकीवर एकूण किती निघतात ते विचारून घ्यावं.

७. “व्हिंटेजमध्ये टाकून देऊ” असं सांगणारे भेटतात. २०२१ च्या नियमानुसार त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी लागते, नव्या नोंदणीला २०,००० रुपये पडतात, आणि ती गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. ऐंशीच्या दशकातली प्रिया त्यात बसतच नाही.

८. एजंट घ्यावा की नाही? रांगेत उभं राहायला, फॉर्म भरायला खुशाल घ्या. त्यात कमीपणा नाही. पण “दुसऱ्या गाडीचे कागद आहेत, नंबर बसवून देतो” म्हणाला की चहा संपवून उठा. भंगारात गेलेल्या स्कूटरचा चेसिस नंबर आपल्या पत्र्यावर ठोकण्याचा तो धंदा असतो, आणि पकडला जातो तो माणूस, ज्याच्या नावावर गाडी आहे.

९. पासिंगला गाडी टेंपोतून न्यावी. नोंदणी संपलेली गाडी चालवत आरटीओच्या दारात जाणं म्हणजे चलान घरपोच मागवणं. विमा आणि पीयूसी आधी काढून ठेवावं. हॉर्न, ब्रेकलाइट आणि इंडिकेटर तपासावेत. जुन्या स्कूटरची सहा व्होल्टची वायरिंग नेमकी तिथंच दगा देते. आमच्या निरीक्षकांनी प्रिंट पत्र्यावरच्या आकड्यांशी ताडून पाहिला, मग कागद बाजूला ठेवून म्हणाले, “किक मारा बघू.” दुसऱ्या किकला सुरू झाली.

१०. अर्जात मोबाईल नंबर घरातल्या जिवंत, चालू सिमचा द्यावा. ओटीपी त्यावरच येतात. नवी आरसी मिळाली की डिजीलॉकरमध्ये उतरवून घ्यावी, रस्त्यावर तीच दाखवता येते. मूळ कार्ड कुठं ठेवायचं यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. काकू म्हणतात, देव्हाऱ्याखालच्या खणात.