मूत्रवाहिनीतील अडथळा आणि मूत्रपिंडांचे रक्षण

काकतीच्या शिवारात भात पिकविणाऱ्या शेतकऱ्यास एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. निचऱ्याचा चर बुजला की पाणी मागे फुगते आणि उभे पीक कुजू लागते. दोष चरात असतो, नुकसान मात्र शेताचे होते. मूत्रवाहिनीत अडथळा आला म्हणजे मूत्रपिंडाची स्थितीही अशीच होते. म्हणूनच या विकाराची ओळख ग्रामीण बांधवांस असणे अगत्याचे आहे.

रचना व कार्य

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, बरगड्यांच्या आडोशाला एक एक मूत्रपिंड असते. त्याची लांबी सुमारे ११ सेंटिमीटर असते आणि प्रत्येकात अंदाजे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव या गाळण्यांतून जातो. त्यातील बहुतेक सर्व शरीर परत शोषून घेते व दीड ते दोन लिटर मूत्र उरते. ते मूत्राशयात नेणारी नळी म्हणजे मूत्रवाहिनी. तिची लांबी २५ ते ३० सेंटिमीटर असली, तरी आतील पोकळी जेमतेम ३ ते ४ मिलिमीटर असते. शिवाय आरंभी, मध्ये व मूत्राशयात शिरताना अशा तीन जागी ती अधिकच अरुंद होते. खडा अडकतो तो बहुधा याच ठिकाणी.

अडथळ्याची कारणे

सर्वांत परिचित कारण म्हणजे मुतखडा. ऊसतोड, वीटभट्टी किंवा उन्हातील शेतकाम करणाऱ्यांच्या शरीरातील पाणी घामावाटे जाते. ते भरून न काढल्यास मूत्र दाट होते व त्यातील क्षार खड्याच्या रूपाने साचतात. शौचालयाची सोय नाही म्हणून अनेक स्त्रिया दिवसभर पाणी पिण्याचे टाळतात. त्यांनाही हा धोका संभवतो.

परंतु प्रत्येक अडथळा खड्याचाच असतो असे नाही. काही बालकांत मूत्रवाहिनीचा आरंभीचा भाग जन्मतःच अरुंद असतो. क्षयरोगामुळे नळी आक्रसते. स्त्रियांच्या गर्भाशयमुखाचा कर्करोग वाढल्यास दोन्ही मूत्रवाहिन्या दाबल्या जातात. वृद्ध पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी वाढून मूत्र खालीच अडते व त्याचा दाब वरपर्यंत पोहोचतो. निपाणी परिसरास तंबाखू व विडी यांचा परिचय जुना आहे. धूम्रपानाने मूत्रमार्गाच्या अस्तराचा कर्करोग होण्याची शक्यता वाढते, हेही येथे सांगितले पाहिजे. लघवीतून वेदनेशिवाय रक्त जाणे ही त्याची खूण असू शकते.

मूत्रपिंडावर होणारे परिणाम

वाट अडली तरी मूत्रपिंड मूत्र तयार करीतच राहते. त्यामुळे आतील दाब वाढतो, मूत्रपिंड फुगते, त्याचा रक्तपुरवठा घटतो आणि कार्यक्षम भाग हळूहळू पातळ होत जातो. एक मूत्रवाहिनी पूर्णपणे बंद करून कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, एका आठवड्यात अडथळा काढल्यास मूत्रपिंड पूर्ववत काम करू लागते. दोन आठवड्यांनी सुमारे ७० टक्के, तर चार आठवड्यांनी सुमारे ३० टक्केच कार्य परत येते. सहा आठवड्यांनंतर काहीच हाती लागत नाही. मनुष्याच्या बाबतीत हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. परंतु विलंबाची किंमत त्यांवरून कळते.

येथेच एक फसगत होते. समजा, एखाद्या शेतकऱ्याच्या कुशीत असह्य कळ आली. ती जांघेपर्यंत गेली, उलटी झाली. दोन दिवस गोळ्या घेतल्या, हुलग्याचे कढण प्याले, आणि कळ थांबली. घरच्यांस वाटले, खडा पडला. प्रत्यक्षात खडा तेथेच असू शकतो. अडथळा जुना झाला की दाब उतरतो व वेदनाही शमते, मूत्रपिंड मात्र झिजतच राहते. दुसरे मूत्रपिंड कामाचा भार उचलते, म्हणून लघवी नेहमीसारखी होते आणि रक्ततपासणीही निर्दोष येऊ शकते. तेव्हा वेदना थांबली म्हणजे रोग गेला, असे समजू नये.

निदान

लघवी व रक्तातील क्रिएटिनिन यांच्या तपासणीबरोबर सोनोग्राफी करून घ्यावी. मूत्रपिंड फुगले असल्यास ते तीत बहुधा दिसते. अडथळ्याची नेमकी जागा व खड्याचा आकार सीटी स्कॅनमध्ये अधिक स्पष्ट कळतो. काही खडे साध्या क्ष-किरण चित्रात दिसत नाहीत, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये.

उपचार

५ मिलिमीटरपर्यंतचे खडे बहुधा आपोआप पडतात. तरीही ते पडल्याची खात्री पुन्हा सोनोग्राफी करून घ्यावी. मोठे खडे दुर्बिणीने किंवा ध्वनिलहरींनी फोडून काढता येतात. ध्वनिलहरींची पद्धत १९८० साली जर्मनीतील म्युनिक येथे मनुष्यावर प्रथम वापरण्यात आली. कित्येकदा मूत्राची वाट मोकळी राहावी म्हणून आत बारीक नळी बसवितात. ती ठरलेल्या तारखेस काढून घेणे विसरू नये. विसरलेल्या नळीवरच नवे खडे जमतात. वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने दीर्घकाळ घेऊ नयेत, त्यांनीही मूत्रपिंडास इजा होते.

कळेसोबत थंडी वाजून ताप येणे, लघवी पूर्ण बंद होणे, किंवा एकच मूत्रपिंड असलेल्या व्यक्तीस कळ येणे, ही तातडीची लक्षणे होत. अशा वेळी दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णास बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात न्यावे. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत - आरोग्य कर्नाटक योजनेची चौकशीही तेथे करावी. शिधापत्रिका व आधारपत्र सोबत असावे.

लघवी दिवसाकाठी दोन लिटरच्या आसपास व फिकट रंगाची व्हावी, इतके पाणी निरोगी माणसाने प्यावे. उन्हात राबणाऱ्याने त्याहून अधिक. शिक्षकांनी मुलांना शाळेत पाणी पिण्याची व लघवीस जाण्याची मोकळीक द्यावी. ग्रामपंचायतींनी कामाच्या जागी पाणी व स्त्रियांसाठी आडोसा यांची सोय पाहावी. चर वेळीच मोकळा केला तर पीक वाचते. मूत्रपिंडाच्या बाबतीतही ही दक्षता आपल्याच हाती आहे.