लेकराचा प्रश्न टाळू नये



आपल्या राजवाड्याजवळ, कान्ह नदीकाठी कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आहेत. आत होळकर घराण्यातल्यांच्या मूर्ती. मागच्या रविवारी तिथे आमच्या चार वर्षांच्या नातवाने विचारलं, "हे लोक आता कुठे आहेत?" आम्ही पटकन म्हणालो, "झोपलेत रे बाळा." झालं! रात्री पोरगं झोपायलाच तयार नाही. "मी झोपलो तर माझा पुतळा होईल का?"

चूक कळली. लहान मूल शब्द जसाच्या तसा धरतं. सकाळी जवळ घेऊन खरं सांगितलं, "ते वारले. म्हणजे शरीर बंद पडलं. श्वास नाही, भूक नाही, दुखणं नाही. ते परत येत नाहीत. झोपलेला माणूस मात्र सकाळी उठतो."

लगेच पुढचा प्रश्न, "तुम्हीपण मरणार?" आवंढा गिळला, पण म्हणालो, "हो, कधीतरी. आत्ता तर तुझ्याजवळच आहोत." तो "बरं" म्हणाला आणि पोहे खाऊ लागला.

या आठवड्याचा अभ्यास:
1. आधी विचारावं, "तुला काय वाटतं?"
2. उत्तर खरं द्यावं, दोन वाक्यांत.
3. तोच प्रश्न दहादा आला तरी रागवू नये.
4. उत्तर ठाऊक नसेल तर तसं सांगावं.

जय गुरुदेव.