डेड केटी आणि शेअरची टीप

प्लेसमेंटचा फॉर्म आठवतो ना? त्यात एक रकाना असतो : लाइव्ह केटी किती, डेड केटी किती. माझी एम-थ्रीची केटी कधीच सुटली, तरी तिथे '1' लिहिताना हात अडखळतो. पण लिहावं लागतं. लपवलं आणि नंतर कळलं, तर हातातली नोकरी जाते.

आता दुसरी गोष्ट. आपल्या मुलुंडच्या हॉस्टेलवर रात्री जेवणं झाली की शेअर्सच्या टिप्स सुरू होतात. टेलिग्रामवर कोणीतरी काहीतरी सांगितलेलं असतं आणि घरून आलेले मेसचे पैसे त्यात जातात. टीप देणारा कोण, पूर्वी त्याने काय केलं, हे मात्र कोणी विचारत नाही.

हर्षद मेहताचंच बघा. एप्रिल 1992 मध्ये सुचेता दलाल यांनी त्याचा घोटाळा उघड केला, नोव्हेंबरमध्ये त्याला अटक झाली. पुढे जामिनावर सुटल्यावर, खटले चालू असतानाच, तो वर्तमानपत्रातल्या कॉलममधून आणि वेबसाइटवरून टिप्स देऊ लागला. लोकांना 1992 माहीत नव्हतं असं नाही. उलट 'एवढा मोठा खेळाडू, त्याला आतलं कळत असणार' म्हणून लोकांनी ऐकलं. म्हणजे डागच अनुभव म्हणून खपला! मग 1998 मध्ये बीपीएल, व्हिडिओकॉन आणि स्टरलाईटचे भाव फुगवल्याचं प्रकरण निघालं आणि त्यातही सेबीने त्याचं नाव घेतलं. 2001 मध्ये सेबीने त्याला बाजारातून कायमचं बाहेर काढलं. त्याच वर्षी 31 डिसेंबरला, आपल्या पुढच्याच स्टेशनला, ठाण्यात, कोठडीत असताना तो वारला.

आज नियम आहेत. सेबीच्या 2013 च्या नियमांप्रमाणे गुंतवणूक सल्लागाराने आणि 2014 च्या नियमांप्रमाणे रिसर्च ॲनालिस्टने आपल्यावर पूर्वी झालेली कारवाई सांगायलाच हवी. ज्या शेअरबद्दल बोलतो त्यात स्वतःचे पैसे असतील तर तेही. म्हणून तीन गोष्टी करा. नोंदणी क्रमांक मागा. सल्लागाराचा 'आयएनए' आणि ॲनालिस्टचा 'आयएनएच'ने सुरू होतो. तो सेबीच्या साइटवर तपासा. तिथेच आदेशांच्या यादीत त्याचं नाव शोधा. पाच मिनिटं लागतात.

केटी लागलेला मुलगा वाईट इंजिनिअर होतो असं मुळीच नाही. चुकलेला माणूसही सुधारू शकतो. पण सुधारल्याची पहिली खूण म्हणजे, कोणी विचारायच्या आधी त्याने स्वतःहून रकाना भरणं. कंपनी आपल्याला नोकरी देताना हे विचारते, मग आपले पैसे देताना आपण का विचारू नये?