मोटेचे बैल

विजेचे पंप नव्हते तेव्हा विहिरीचे पाणी बैल काढीत. मोट चामड्याची असे. तिला खाली सोंड असे. जाड दोर तो नाडा, तो चाकावरून जाई. बारीक दोर तो सोंदूर, तो सोंड वर धरून ठेवी. बैल पुढे चालले की भरलेली मोट वर येई. सोंड थारोळ्यात पडे आणि पाणी पाटाला लागे. मग बैल मागे-मागे सरकत. मोट पुन्हा विहिरीत उतरे.

बैल चालत त्या वाटेला धाव म्हणत. धाव उताराची का? भरलेली मोट ओढताना बैल उतरतात, त्यामुळे त्यांच्या अंगाचे वजनही ओढायला मदत करते. माघारी चढताना मोट रिकामी असते.

माझ्या आजोबांनी मोट हाकली आहे. आमची खिलार जोडी होती. १९७२ च्या दुष्काळात विहीर आटली, कडबा संपला. पणजोबांनी डावा बैल बाजारात विकला. आजोबा सांगतात, "राहिलेला बैल जुवाखाली उजवीकडंच उभा राहायचा. डावी जागा मोकळी सोडायचा. आमचं दादा त्या रात्री जेवलं न्हाईत." १९७३ ला पाऊस झाला, तेव्हा दुसरा बैल आणला. त्याला डावीकडेच जुंपला.

आता विहिरीवर मोटार आहे, धाव बुजली आहे. मोटेचे लाकडी चाक मात्र घरी आहे. ते मी वर्गात आणले आहे. नाड्याने पडलेली खाच हात लावून बघा. तुमच्या घरी जू किंवा शिवळ असेल तर आजोबांना त्याची गोष्ट जरूर विचारा.

— इयत्ता ४ थी